धाग्याची निवड, टाक्याची निवड : लखनौच्या चिकनकारीचा इतिहास

भरतकामाला मराठीत ‘कशिदा’ हा जो शब्द रूढ आहे, तो मूळचा फारसी होय. फारसीत ‘कशीदन’ म्हणजे ओढणे. सुईमागून धागा ओढला जातो म्हणून तो कशिदा. रेशीम, जर, किनार, रुमाल हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले आणि इतके आपले झाले की, ते कधी बाहेरून आले होते याची आठवणही कोणाला राहिली नाही. आपल्या घरांतून उशांचे अभ्रे, रुमाल, दुपट्टे आणि कुराण शरीफ गुंडाळून ठेवण्याचे जुजदान यांवर फुले भरण्याची चाल जुनी आहे. मुलगी जरा मोठी झाली की आई, खाला किंवा फुफी तिच्या हाती सुई देते. कापडावर पेन्सिलीने फूल काढून झाले की मुलीचा पहिला प्रश्न असतो : धागा कोणत्या रंगाचा घेऊ? आणि दुसरा : टाका कोणता घालू?

हे दोन प्रश्न दिसावयास लहान आहेत. परंतु आपल्या देशातील एका शहराच्या इतिहासात याच दोन प्रश्नांवर पिढ्यान् पिढ्यांचे बरेवाईट अवलंबून राहिले. ते शहर लखनौ आणि ती कला चिकनकारी. धाग्याची व टाक्याची निवड जोपर्यंत कारागिराच्या हाती होती, तोपर्यंत त्याला लोक उस्ताद म्हणत. ती निवड दुसऱ्याच्या हाती गेली, तेव्हा तीच सुई धरणारा हात मजुराचा हात झाला. हे परिवर्तन कसे घडले आणि ते उलट फिरविण्याचे प्रयत्न कोणी व कसे केले, हे पालकांनी व विद्यार्थिनींनी समजून घ्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

फुले कोठून आली?

मोगल दरबाराला वस्त्रांचे मोठे वेड होते. अकबराच्या काळी शाही कारखाने होते व त्यांत बाहेरून आलेले कुशल कारागीर स्थानिक लोकांना शिकवीत, असे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नमूद केले आहे. लाहोर, आग्रा, फतेहपूर व अहमदाबाद येथील कामाची त्याने वाखाणणी केली आहे. म्हणजे भरतकाम हे त्या काळी केवळ घरच्या स्त्रियांच्या विरंगुळ्याचे काम नव्हते. तो एक शिकण्या-शिकविण्याचा, परीक्षेस उतरणारा हुन्नर होता.

पण आज आपण ज्याला ‘मोगल फूल’ म्हणतो, म्हणजे देठ, पान, कळी व उमललेले फूल असे संपूर्ण रोपटे, किंचित एका बाजूस झुकलेले, ते विशेषेकरून जहांगीर बादशहाच्या काळात घडले. इ. स. १६२० मध्ये तो वसंत ऋतूत काश्मिरात होता. तेथील फुलांनी तो इतका मोहून गेला की, त्याने आपला चित्रकार उस्ताद मन्सूर यास ती रंगविण्यास सांगितले. मन्सूरने शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, असे जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास युरोपातील वनस्पतिशास्त्राची सचित्र पुस्तकेही दरबारात येऊ लागली होती. या दोहोंच्या संगमातून जे फूल निघाले, ते पुढे ग्रंथांच्या समासांत, गालिच्यांवर, शालींवर आणि ताजमहालाच्या संगमरवरी भिंतींवर फुलले. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या सुंदर नक्षीच्या मुळाशी कल्पनेइतकेच निरीक्षण आहे. चित्रकाराने आधी पाकळ्या नीट पाहिल्या आणि मग रंग उचलला.

हे फूल पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या धाग्याने कोणी प्रथम भरले, याविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. नूरजहाँ बेगमने ही कला आणली, असे लखनौचे लोक अभिमानाने सांगतात. दुसरी कथा अशी की, एका तहानलेल्या वाटसरूस एका खेडुताने पाणी पाजले आणि त्या उपकाराची फेड म्हणून वाटसरूने त्याला हा हुन्नर शिकविला. या कथांना पुराव्याचा आधार नाही. पण कारागिरांना आपल्या विद्येविषयी किती आदर वाटत असे, हे त्यांतून समजते. काही अभ्यासकांच्या मते ही कला बंगालमधून अवधात आली. ढाक्याची मलमल जगप्रसिद्ध होती आणि बंगालमध्ये तिच्यावर भरतकाम करण्याची प्रथाही जुनी होती. ढाक्यालाच मुगा रेशमाच्या पिवळसर सोनेरी धाग्याने भरलेले ‘कसिदा’ कापड तयार होऊन अरबस्तानात जात असे. तेथे गिऱ्हाइकाला सोनेरी छटा हवी होती, म्हणून धागा मुग्याचा. लखनौच्या गिऱ्हाइकाला मात्र वेगळे काही हवे होते.

अवधची राजधानी

इ. स. १७२२ मध्ये इराणातील निशापूर येथून आलेले सआदत खान बुऱ्हान-उल-मुल्क अवधचे सुभेदार झाले आणि त्यांच्या घराण्याची सत्ता तेथे स्थिर झाली. १७७५ मध्ये नवाब आसफउद्दौला यांनी राजधानी फैजाबादहून लखनौस हलविली. दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली होती. तेथील कवी, गवई, हकीम, सुलेखनकार आणि कारागीर आश्रयासाठी लखनौची वाट धरू लागले. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून याच नवाबांनी बडा इमामबाडा बांधावयास घेतला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. अशा शहरात हुन्नरवाल्याची कदर होणे स्वाभाविक होते.

मौलाना अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांनी जुन्या लखनौच्या राहणीचे जे विस्तृत वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात पोशाखाची हकीकत मोठी रसाळ आहे. दोन पाखांची हलकी ‘दोपल्ली’ टोपी, झिरझिरीत अंगरखा, कुडता, दुपट्टा या साऱ्यांवर चिकनचे काम होई. एवढीशी टोपी, पण तिच्यावरचे बारीक काम महिनोन् महिने चाले. ज्याच्यासाठी वस्त्र तयार व्हावयाचे, तो पारखी असे. त्याला मुर्री आणि फंदा यांतील फरक कळे. कारागीरही त्याला सांगू शके की, हुजूर, या कापडावर हे फूल शोभणार नाही. घेणारा आणि करणारा दोघेही जाणते असले म्हणजे कला कशी वाढीस लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

रंगाविना रंग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या चिकनकारीत धाग्याचा रंग कोणता? उत्तर एकच : पांढरा. पांढऱ्या मलमलीवर पांढरा सुती धागा, तोही फारसा पीळ नसलेला. जगातील इतर ठिकाणचे भरतकाम रंगांच्या मेळाने डोळ्यांत भरते. काश्मीरचे कारागीर एकाच पाकळीत तीन-चार छटा मिसळतात. पंजाबच्या फुलकारीत तांबड्या खादीवर सोनेरी-नारिंगी रेशीम चमकते. मग लखनौने रंग का सोडला?

याचे एक कारण अभिरुचीचे. अवधचा उन्हाळा कडक. अशा हवेत पांढरे, पातळ, हवेशीर वस्त्र अंगाला सुखावते आणि डोळ्यांनाही. दुसरे कारण निव्वळ व्यवहाराचे आहे व ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे. चिकनच्या कापडावर आधी छिपी लाकडी ठशाने नक्षी छापतो. ठशाचा रंग मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. निळीत किंवा गेरूत डिंक मिसळून तो करतात. मग ते कापड कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने भरणाऱ्याच्या हातात राहते. ते मळते, हाताचा घाम त्याला लागतो. काम पुरे झाल्यावर धोबी ते भट्टीत घालून उकळतो, चोळतो, शुभ्र करतो, खळ देतो. तेव्हा कोठे छापाचा रंग जातो आणि फूल उजळून निघते. या अग्निपरीक्षेत कच्च्या रंगाचा धागा टिकणे कठीण. त्याचा रंग सुटून सगळे कापड डागाळावयाचे. पांढरा सुती धागा मात्र कापडाबरोबरच उजळतो. म्हणून धागा निवडताना नुसत्या शोभेचा विचार पुरत नसे. शेवटच्या धुलाईपर्यंत काय टिकेल, याचा अंदाज आधीच घ्यावा लागे.

परंतु रंग सोडला की फुलाला जिवंतपणा आणावयाचा कसा? येथेच लखनौच्या कारागिरांची प्रतिभा दिसते. रंगाने करावयाचे काम त्यांनी टाक्यावर सोपविले. एकाच पांढऱ्या धाग्यातून त्यांनी पांढऱ्याच्या अनेक छटा निर्माण केल्या.

एका फुलाची घडण

१९०२-०३ मध्ये दिल्ली येथे हिंदुस्थानी कलाकौशल्याचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याच्या ग्रंथात सर जॉर्ज वॅट यांनी चिकनच्या कामाचे तयपची, खटाव, बखिया, मुर्री, फंदा व जाळी असे वर्ग पाडून दाखविले आहेत. कारागिरांच्या बोलीत टाक्यांची नावे याहून पुष्कळ अधिक आहेत; बत्तीस टाके, छत्तीस टाके असे म्हणण्याची पद्धत आहे. कंगन, कौडी, मकडा, धनियापत्ती, बुलबुल-चश्म ही नावेच पाहा. घरातील आणि परसातील वस्तूंवरून ती पडलेली आहेत. ज्यांनी ही नावे दिली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुस्तक उघडले नसेल, पण त्यांची दृष्टी किती चौकस होती!

समजा, पाच पाकळ्यांचे एक फूल, त्याचा वेलीसारखा देठ व दोन पाने भरावयाची आहेत.

देठासाठी तयपची. हा आपला साधा धावदोरा. कापडाच्या उजव्या अंगाने बारीक टाके घालीत जावयाचे. याची रेघ हलकी, जवळजवळ करडी दिसते. देठ मागे राहावा, त्याने फुलावर कुरघोडी करू नये, म्हणून हा टाका.

पाकळीसाठी उलटी बखिया. यात धागा कापडाच्या उलट अंगाने पाकळीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर तिरपा नेतात, मग परत आणतात. मागे धाग्यांची दाट जाळी विणल्यासारखी होते. वरच्या अंगाला फक्त पाकळीच्या दोन कडांची बारीक टाक्यांची रेघ दिसते, आणि मागचा धागा झिरझिरीत मलमलीतून दुधासारखा झळकतो. ही खरी पाहता सावली आहे; पण तिने पाकळीला अंग येते. कापड जाड घेतले तर ही सावली दिसतच नाही. म्हणजे टाक्याची निवड कापडावर अवलंबून असते, हा धडा आपोआपच मिळाला.

फुलाच्या मध्यभागी फंदा. ही बाजरीच्या दाण्याएवढी गाठ. परागांचे ठिपके तिने उठून दिसतात. कळीसाठी किंवा लहान पाकळीसाठी मुर्री, म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखा फुगीर, दोन्ही टोकांस निमुळता उठाव. फंदा व मुर्री यांवर उजेड पडतो, म्हणून सगळ्या कामात यांचा पांढरा रंग सर्वांत लखलखीत. हे सर्वांत कष्टाचे टाके होत. मुर्री एकसारख्या आकाराची येण्यास वर्षांचा सराव लागतो.

पानासाठी जाळी. पुष्कळांना वाटते की जाळीसाठी धागे कापून काढतात. तसे नाही. कापडाचा एकही धागा न तोडता, उभे-आडवे धागे सुईने अलगद बाजूस सारून बारीक टाक्यांनी आवळतात. मधे नेमकी, चौकोनी छिद्रे राहतात. त्यांतून आतील अंगाचा किंवा अस्तराचा रंग दिसतो, म्हणून जाळीचे पान गडद वाटते. धागा न तुटल्यामुळे कापडाचा टिकाऊपणाही कमी होत नाही.

आता हिशेब करा. करडा देठ, दुधाळ पाकळी, लखलखीत कळी, गडद पान. एकाच रंगाच्या धाग्यातून चार छटा निघाल्या. ज्या मुलीला रंगीत धाग्यांनी काम करावयाचे आहे, तिनेही हाच विचार करावा. एकाच फुलात सात-आठ रंग कोंबण्यापेक्षा एका रंगाच्या फिकी, मध्यम व गडद अशा तीन छटा घ्याव्यात. उजेड जेथे पडतो तेथे फिकी छटा आणि उठावाचा टाका. आतल्या बाजूस गडद छटा आणि सपाट टाका. धागा वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून त्याचा रंग सुटतो की नाही, हे पाहावे. एवढी दक्षता घेतली तर साध्या धाग्यातही काम उठून दिसते.

निवड हातून कशी गेली?

१८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले. पुढच्याच वर्षी उठाव झाला आणि लखनौ उद्ध्वस्त झाले. दरबार गेला, पारखी गिऱ्हाईक विखुरले. कला मात्र मेली नाही. तिने बाजाराची वाट धरली. चौकातील व्यापारी माल तयार करवून दूरदूरच्या शहरांत पाठवू लागले. पुढे स्वातंत्र्यानंतर फाळणीने अनेक कुटुंबे पांगली व १९५० च्या कायद्याने उत्तर प्रदेशातील जमीनदारी संपली. जमीनदारी जाणे न्यायाचेच होते. पण त्याबरोबर महागाचे बारीक काम घेणारा उरलासुरला वर्गही गेला.

पूर्वी उत्तम प्रतीचे काम पुरुष कारागीर करीत. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे शागिर्दी करून ते तयार होत. विसाव्या शतकातही उस्ताद फैयाज खान, हसन मिर्झा यांच्यासारख्यांनी ही परंपरा राखली. परंतु मोबदला घटत गेला, तसतसे पुरुष इतर धंद्यांकडे वळले आणि काम जुन्या लखनौच्या गल्ल्यांतील व आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांकडे आले. त्यांत बहुसंख्य मुसलमान स्त्रिया होत्या.

येथे एक मोठा बदल झाला. पुरुष कारागीर बाजारात जाऊन भाव ठरवू शके. पडद्यातील स्त्री घरातच राहिली. महाजनाचा माणूस छापलेले कापड व धागा तिच्या दारी आणून देई आणि भरलेले कापड घेऊन जाई. नक्षी छिप्याने ठरविलेली, कापड व धागा महाजनाचा, टाका कोणता घालावयाचा ते मध्यस्थाने सांगितलेले. तिच्याकडे उरली फक्त मेहनत. ती केलेल्या कापडाचे पैसे नगावर मिळत. डाग पडला, उशीर झाला, तर त्यातूनही कापून घेत. कापड पुढे कोठे जाते, दुकानात काय किमतीस विकले जाते, हे तिला ठाऊक नसे.

नगावर पैसे मिळू लागले की माणूस लवकर उरकणारा टाका निवडतो, यात कोणाला दोष देता येणार नाही. मुर्री, फंदा, जाळी यांना वेळ लागतो. मोठ्या टाक्यांची बखिया भराभर होते. त्यामुळे बाजारात ढोबळ बखियेचा माल वाढला आणि बारीक टाके जाणणारे हात कमी होत गेले. ज्या टाक्याने पाकळीला सावली द्यावयाची, तोच टाका स्वस्त मालाची खूण बनला. अभ्यासक क्लेअर विल्किन्सन-वेबर यांनी लखनौच्या या स्त्रियांमध्ये राहून जो अभ्यास केला, तो १९९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. स्त्री घरात बसून भरते, म्हणून ते ‘फावल्या वेळचे काम’ समजले जाते आणि काम फावल्या वेळचे ठरले की मजुरीही तशीच ठरते, ही गोष्ट त्यांनी उलगडून दाखविली आहे. वास्तविक पाहता चूल, मुले, पाणी हे सर्व सांभाळून उरलेल्या उजेडात डोळे फोडून केलेले हे काम फावल्या वेळचे कसे?

हिशेब करून पाहू. समजा, एका कुडत्याला वीस दिवस लागले आणि रोज पाच तास काम झाले. एकूण शंभर तास. मजुरी समजा तीनशे रुपये मिळाली. म्हणजे तासाला तीन रुपये. हा भागाकार चौथीच्या मुलीला येतो. पण ज्या बाईने शाळेचे तोंडच पाहिले नाही, तिने तो करावा कसा? आणि तो केल्याशिवाय ‘मला परवडत नाही’ असे ती कोणाच्या तोंडावर म्हणणार? पिळवणुकीची खरी जागा हीच आहे. सुईतील कसब कमी पडले नव्हते. अक्षर आणि अंक कमी पडले होते.

पुन्हा निवडीकडे

१९८० नंतरच्या वर्षांत या स्थितीकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. १९८४ मध्ये रूना बॅनर्जी व सेहबा हुसेन यांच्या पुढाकाराने ‘सेवा लखनौ’ ही संस्था उभी राहिली. भरतकाम करणाऱ्या स्त्रियांना मध्यस्थाशिवाय काम मिळावे, मालाची किंमत त्यांना कळावी व मजुरीचा योग्य वाटा त्यांच्या हाती पडावा, हे तिचे धोरण. १९८६ मध्ये मुझफ्फर अली यांचा ‘अंजुमन’ हा चित्रपट आला. शबाना आझमी यांनी त्यात मजुरीसाठी उभ्या राहणाऱ्या चिकनकारी करणाऱ्या तरुणीची भूमिका केली होती. लखनौच्या गल्लीतील ही व्यथा त्या निमित्ताने पडद्यावर आली.

याच कामात आपल्या मुंबईशी जोडलेला एक दुवा आहे, तो सांगितला पाहिजे. १८७४ मध्ये मुंबईत ‘अंजुमन-इ-इस्लाम’ची स्थापना करणाऱ्यांत बद्रुद्दीन तैयबजी हे प्रमुख होते. १८८० मध्ये या संस्थेची शाळा सुरू झाली. मुस्लिम समाजात इंग्रजी शिक्षणाविषयी संशय होता, त्या काळात त्यांनी शिक्षणाचा आग्रह धरला, आणि मुलगे तेवढे शिकवून न थांबता स्वतःच्या मुलींनाही शाळेत घातले. त्यांची पणती लैला तैयबजी यांनी पुढे ‘दस्तकार’ या कारागिरांच्या संस्थेच्या द्वारे देशभर काम केले. १९८५ च्या सुमारास त्या लखनौस जाऊन ‘सेवा’च्या स्त्रियांबरोबर बसल्या. त्या स्वतः कशिदाकार आहेत. जुने टाके व बुट्टे पुन्हा वापरात आणणे, फुलांची मांडणी नव्या पद्धतीने करणे, कोणत्या कापडावर काय शोभेल याचा विचार स्त्रियांबरोबर करणे, असे ते काम होते. एरवी मोहल्ल्याबाहेर न पडलेल्या स्त्रिया प्रदर्शनांसाठी परगावी जाऊ लागल्या, गिऱ्हाइकांशी बोलू लागल्या, आपल्या कामाची किंमत स्वतः सांगू लागल्या. रूना बॅनर्जी यांना २००७ मध्ये व लैला तैयबजी यांना २०१२ मध्ये ‘पद्मश्री’ देऊन शासनाने त्यांच्या कार्याचा गौरव केला. एका पिढीने मुलींना शाळेत घातले, त्याचे फळ कित्येक वर्षांनी, कित्येक मैलांवरच्या परक्या भगिनींना मिळाले.

२००८ मध्ये लखनौच्या चिकनकारीस भौगोलिक निर्देशाची कायदेशीर नोंद मिळाली. यामुळे नावाला संरक्षण मिळाले. पण बाजारात यंत्रावर काढलेले कापडही ‘चिकन’ म्हणून सर्रास विकले जाते. घेताना कापड उलटून पाहावे. यंत्राचे टाके मागूनही अगदी एकसारखे, शिस्तीत उभे असतात. हाताच्या कामात धागा फुलामागून फुलाकडे जाताना दिसतो, टाका कोठे किंचित लहान तर कोठे किंचित मोठा असतो. जाळीची छिद्रे कापलेली असतील तर तेही हातचे काम नव्हे. आपण पारखी झालो, तरच करणाऱ्या हाताला त्याचा योग्य मोबदला मिळेल. जुन्या लखनौत घेणारा जाणता होता म्हणून कला वाढली, हे आपण वर पाहिलेच आहे.

आपल्यासाठी बोध

या इतिहासातून कोणी असा अर्थ काढील की, मुलींना भरतकाम शिकवू नये; त्यात दारिद्र्यच आहे. तसे म्हणणे चुकीचे ठरेल. कला दरिद्री नसते. कलेचा हिशेब दुसऱ्याच्या हाती गेला म्हणजे कलावंत दरिद्री होतो. उलट दुसरी चूकही आपल्या समाजात होते. ‘मुलीच्या हातात हुन्नर आहे, आता शाळा कशाला?’ असे म्हणून सातवी-आठवीतच तिचे नाव काढून घेतले जाते. लखनौच्या गल्ल्यांतील हजारो स्त्रियांच्या हातात हुन्नर होताच. त्याच्या जोडीला शिक्षण नव्हते, म्हणून त्यांचे हाल झाले. कुराण शरीफच्या अवतरणाचा प्रारंभ वाचण्याच्या आज्ञेने झाला, हे आपण सारे जाणतो. ती आज्ञा केवळ मुलग्यांसाठी आहे, असे कोठेही म्हटलेले नाही.

आणि शाळेतील विषय या कलेला परके आहेत, असेही नाही. फुलाच्या पाकळ्या किती, कळी देठाला कशी जोडलेली असते, हे वनस्पतिशास्त्र शिकविते. कोणता रंग पाण्यात सुटतो व का, हे रसायनशास्त्र सांगते. नक्षीची मांडणी ही भूमिती आहे, भाव ठरविणे हे अंकगणित. कराराचा कागद वाचता येणे ही भाषा. मुलग्यांनीही हे आपले काम नव्हे असे समजू नये. लखनौचे नामांकित उस्ताद पुरुष होते, हे त्यांनी विसरू नये.

शेवटी एक साधी सूचना. शाळांच्या वार्षिक प्रदर्शनांत मुलींचे भरतकाम मांडले जाते. नाव व इयत्ता लिहिलेली पट्टी त्याला लावलेली असते. त्याबरोबर प्रत्येक मुलीने स्वतःच्या अक्षरात आणखी एक चिठ्ठी जोडावी : कापड कोणते घेतले, धाग्याचे रंग कोणते व ते का निवडले, कोणत्या भागाला कोणता टाका घातला, साहित्याला किती खर्च आला, काम किती तास चालले, आणि या हिशेबाने त्याची किंमत किती व्हावी. पालकांनी प्रदर्शन पाहताना फुलाबरोबर ती चिठ्ठीही वाचावी. ज्या मुलीला अशी चिठ्ठी लिहिता येईल, तिच्या हातची सुई उद्या कोणालाही फुकट राबविता येणार नाही.